आल्यागेल्याची नोंद

मी एकदा एका वारलेल्या बाईची हजेरी लावली. म्हणजे तिला चक्क कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि उठवून परतही पाठवलं. ती बाई माझी सख्खी नणंद होती आणि तिला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. माझं वय त्या वेळी फार नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणजे समज यायला अजून अवकाश होता. आता नातवंडं माझ्या कडेवरून उतरून मोबाइलमध्ये गेली आहेत, त्यामुळे त्या अठ्ठावन्न वर्षांच्या पोरीचा आगाऊपणा मला जरा लांबून पाहता येतो. पण तो कळायचा असेल तर आधी नणंदेचे यजमान कळायला हवेत, आणि ते काम तितकंसं सोपं नाही.

आमचे भाऊजी म्हणजे अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, माणूस आला कधी आणि गेला कधी या दोनच गोष्टींवर श्रद्धा असलेले एकमेव गृहस्थ. मधल्या वेळात त्यानं काय दिवे लावले, कोणाशी भांडला, जेवला की उपाशी राहिला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. बुलढाण्याच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर कॉम्प्युटरची लॅब सांभाळली. निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं जुनी यंत्रं मोडीत काढली, आणि भाऊजींनी ती एका काळीपिवळी जीपमध्ये घालून चिखलीला आणली. एक डबा त्यांनी मांडीवरच घेतला होता. रस्त्याच्या प्रत्येक वळणाला ते ड्रायव्हरला म्हणत, "बाबू, हळू. आत लोकायची नावं आहेत." आमच्या बुद्धविहाराच्या मागे एक खोली रिकामी होती. तिथं त्यांनी टेबलं मांडली, वायरी ओढल्या, सगळी यंत्रं एका मोठ्या यंत्राला जोडली आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी फुकट अभ्यासिका सुरू केली. नियम एकच. प्रत्येकानं स्वतःच्या नावानं यायचं, स्वतःचा पासवर्ड टाकायचा, आणि उठताना रीतसर बाहेर पडायचं. दुसऱ्याच्या नावावर बसणारा त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या ताटात जेवणारा होता.

स्वतः भाऊजी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून यंत्राशी बोलत. त्या पडद्यावर चित्र नाही, रंग नाही, टिचकी मारायला बटण नाही. माउस त्यांनी वायरीची गुंडाळी करून कपाटावर ठेवून दिला होता. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "वैनी, बोट दाखवून काय मागाचं? आपल्याले जबान दिली आहे. शब्दानं सांगाव, शब्दानं उत्तर घ्याव." सकाळी लोक पेपर उघडतात तसे भाऊजी चहाचा कप हातात घेऊन त्या पडद्यावर 'लास्ट' एवढा एकच शब्द टाकत आणि एंटर दाबत. की सरसर ओळी उतरत. कोण आलं, कुठल्या यंत्रावर बसलं, कधी आलं, कधी उठलं, एकूण किती वेळ होतं. सगळ्यात अलीकडचा माणूस सगळ्यात वर. कपातला चहा आणि पडद्यावरच्या ओळी एकदमच संपल्या पाहिजेत असा त्यांचा बेत असे. ओळी जास्त निघाल्या की दुसरा कप, आणि दुसरा कप लागला की दिवसभर स्वारी खुशीत.

मला त्यांनी हे शिकवलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी शिक्षिकेच्या नजरेनं ती यादी तपासली आणि म्हणाले, "भाऊजी, हा रीबूट कोणाचा मुलगा? रोज सगळ्यांच्या आधी येतो. हुशार दिसतो." भाऊजींनी कप खाली ठेवला. "वैनी, ते पोरगं नाही. लाइट जाते, मंग येते, मशीन पुन्हा चालू होते. त्याची नोंद आहे ते." म्हणजे आमच्या अभ्यासिकेत सगळ्यात नेमानं येणारा विद्यार्थी महावितरणचा होता. बऱ्याच पोरांच्या नावापुढे जाण्याच्या वेळेऐवजी 'क्रॅश' लिहिलेलं असे. पोरगं मजेत गणित सोडवत बसलेलं असताना वीज गेली की त्याच्या नशिबी ते येई. मला आधी वाटलं पोरं पडलीबिडली की काय. तसं मी एका पोराच्या आईला सांगूनही आले होते. पुढचं न सांगितलेलं बरं.

ही आल्यागेल्याची शिस्त खोलीपुरती राहिली असती तर भाऊजींना कोणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण ते लग्नाला गेले तरी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत. कोण आलं हे सगळेच पाहतात. भाऊजी कोण गेलं तेही पाहत. माझ्या धाकट्याच्या लग्नात माझे एक मावसभाऊ मानपानावरून रुसले आणि मागच्या दारानं निघून आपल्या बीबी गावच्या गाडीत बसले. आम्ही सगळे त्यांना मांडवात शोधतोय, तर भाऊजी शांतपणे म्हणाले, "ते गेले असतीन, नाहीतं नसतीन. माह्याजवळ आल्याची खबर आहे, गेल्याची नाही. माह्या हिशेबानं ते अजून अठीच आहेत." मावसभावांना फोन लावला तेव्हा ते लोणार तालुक्यात घरी पाय धूत होते. पण भाऊजींनी रात्रीच्या पंगतीला त्यांचं पान मांडायला लावलं. आणि हे मावसभावांच्या कानावर गेल्यावर त्यांचा रुसवा गेला, हेही खरं.

पासवर्डाचं त्यांचं सोवळं तर विचारू नका. समोरचा माणूस पासवर्ड टाकायला लागला की भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहत. मान वळवून भागत नसे. अख्खे वळत, हात मागे बांधत. ही सवय इतकी अंगात भिनली की कोणी मोबाइल उघडला, कपाटाची किल्ली काढली, पिशवीची चेन ओढली, तरी हे वळलेच. एकदा एटीएमच्या रांगेत आम्ही उभे होतो. पुढच्या बाईनं कार्ड घातलं आणि भाऊजी पाठ करून उभे राहिले. त्यांच्यामागच्या माणसाला वाटलं मागे काहीतरी घडलंय, म्हणून तोही वळला. मग त्याच्यामागचा. बघता बघता सगळी रांग रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि रस्त्यावरचे लोक थांबून आमच्याकडे पाहताहेत. त्या बाईनं पैसे घेऊन वळून पाहिलं तर एवढ्या पाठी. ती घाबरून दुसऱ्या बाजूनं निघून गेली.

एवढा हिशेब ठेवणारा माणूस चहाडखोर असेल असं कोणालाही वाटेल. भाऊजी त्याच्या उलट होते. एकदा एक गृहस्थ आले आणि म्हणाले, पोरगं अभ्यासिकेत जातो म्हणून घरून निघते, खरंच येते का ते तुमच्या मशिनीत पाहून सांगा. भाऊजी म्हणाले, "मशिनीले माहीत आहे. पन मशिनीले इचाराच्या आधी पोराले इचारा. तो खोटं बोलला तं मशीन कोठी पळून जात नाही." गृहस्थ चिडले. म्हणाले, मंग हे लिहून तरी काऊन ठेवता? त्यावर भाऊजींनी जे सांगितलं ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते म्हणाले, "कोनी आलं होतं हे कोनाले तरी माहीत असाव, म्हनून."

आता नणंदबाई. नणंद आणि भावजय यांचं जसं असायला हवं तसंच आमचं होतं, म्हणजे एकमेकींशिवाय करमायचं नाही आणि एकमेकींचं एक ऐकायचं नाही. ती माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवून दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. खोली सुरू झाली त्या दिवशी भाऊजींनी यंत्रात पहिलं नाव घातलं ते तिचं. स्वतःचंही नंतर. तिला म्हणाले, ये, बस, तुह्यापासून सुरुवात करू. ती म्हणाली, "मी नाई बसत तुमच्या त्या डब्ब्यापुढं. जलमभर तुमी पाह्यता मी कधी आली कधी गेली, आता त्याले बी पाहू देऊ?" झालं. पुढे भाऊजी चिकाटीनं आणि ती त्याहून चिकाटीनं. एक दुसरा हुकूम असतो, त्यात खोलीतल्या सगळ्या नावांची यादी येते आणि प्रत्येकापुढे तो माणूस शेवटचा कधी आला ते दिसतं. तिच्या नावापुढे इंग्रजीत लिहून यायचं, 'नेव्हर लॉग्ड इन'. कधीच आली नाही. भाऊजी घरी जेवताना सांगत, "आजबी नेव्हर." ती म्हणे, "वांगं घ्या."

गंमत अशी की ती रोज यायची. भाऊजी तिथं बसले की उठायचे नाहीत, म्हणून दुपारी डबा घेऊन यायची. उंबऱ्याशी चप्पल न काढता उभी राहायची, डबा आत सरकवायची, आणि परीक्षेच्या पोरींना बाहेरूनच विचारायची, जेवल्या का बाई तुमी. पाय आत टाकला नाही कधी. मी म्हटलं, अहो बाई, आत तरी या, पंखा आहे. तर मला म्हणाली, "तू जा आत. तुले लय हौस आहे हजेरीची." मी शिक्षिका होते ना, त्याचा तो टोमणा. काही वर्षं अशी गेली आणि एक दिवस डबा आला नाही. भाऊजी घरी गेले तोवर शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं. ती परत आली नाही. पुण्यानुमोदनाला, गेलेल्या माणसासाठीच्या त्या वंदनेला, अख्खं चिखली लोटलं होतं. भाऊजी त्या दिवशीही दाराशीच बसले होते, पण कोण आलं नि कोण गेलं हे त्यांनी पाहिलं नसावं.

तिचं नाव त्यांनी यंत्रातून काढलं नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पण सकाळी 'लास्ट'च्या ओळी संपल्या की ते तो दुसराही हुकूम द्यायचे आणि यादी तिच्या नावापर्यंत खाली न्यायचे. मग पडदा बंद.

वर्षभरानं समितीत विषय निघाला. विहार समितीकडे कार्यक्रमाच्या खुर्च्या झाल्या होत्या, स्वयंपाकाची पातेली म्हणजे मोठाले गंज झाले होते, सतरंज्या झाल्या होत्या, आणि ठेवायला जागा नव्हती. अध्यक्षांच्या वाड्यात ते सामान पडून होतं, आणि त्यांच्या मंडळींनी घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही म्हणून अबोला धरला होता. अध्यक्ष माणूस चांगला, पण अबोल्यानं टेकीस आलेला. ते भाऊजींना म्हणाले, "सर, पोरायजवळ आता मोबाइल आहेत. कोन येते तुमच्या खोलीत? रविवारी वंदनेनंतर बैठक आहे. येनारे दाखवा, खोली तुमची. नाहीतं गंज तठी ठेवू." भाऊजी म्हणाले, "दाखवतो." त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही. नोंद होती, नोंद दाखवायची. पण मी ती नोंद रोज पाहत होते. आता एका कपातच भागत होतं, आणि तोही अर्धा उरलेला असतानाच ओळी संपायच्या. मला स्पष्ट दिसत होतं की खोली गेली तर भाऊजींना सकाळी उठून पाहायला काही उरणार नाही.

इथं माझं शिक्षण आडवं आलं. आमच्या खेड्यातल्या शाळेत तपासणीला साहेब यायचे असले की आम्ही बाया काय करायचो, तर वर्गात पोरं कमी दिसू नयेत म्हणून सोयाबीन काढायला गेलेली शेतातून आणायचो, बाळंतीण बहिणीकडे गेलेली परत बोलवायचो, आणि तरी बाक रिकामे राहिले तर शाळेत नाव नसलेली धाकटी भावंडं बसवून त्यांची नाकं पुसायचो. साहेब विचारत, काय नाव बाळ? बाळ भलतंच नाव सांगे. साहेबही पूर्वी शिक्षक असत, ते पुढे जात. यात कोणी कोणाला फसवतं असं तेव्हा आम्हाला वाटत नसे. साहेब येणार म्हटलं की वर्ग भरलेला असावा, ही आपली एक रीत. ती माझ्या हाताला इतकी बसली होती की रविवारची बैठक मला तपासणीच वाटली.

शनिवारी भाऊजी कसलीशी वायर आणायला एसटीनं बुलढाण्याला गेले. किल्ली शेजारी असायचीच. मी दुपारी जाऊन खोली उघडली. आता दुसऱ्यांचे पासवर्ड मला कसे माहीत, तर ही भाऊजींच्या सोवळ्याची करामत. नवीन माणसाला ते सुरुवातीला सगळ्यांना देत तोच एक शब्द द्यायचे आणि बजावायचे, आता हा बदला, मी पाहत नाही. आणि भिंतीकडे वळायचे. समोरचा माणूस चार कळा कशाबशा दाबायचा, तो शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि म्हणायचा, झालं सर. भाऊजी वळून म्हणायचे, शाब्बास. मीही तसंच केलं होतं. तर मी एका यंत्रापुढे बसले, पदर खोचला, आणि यादीतलं पहिलं नाव घेतलं. आत गेले, बाहेर आले. दुसरं नाव. आत, बाहेर. प्रत्येक नावाला मी तोंडानं "हजर बाई" असंही म्हणत होते, कारण सवय. पोस्टातून निवृत्त झालेले काका हजर, मुंबईला लागलेली पोरगी हजर, लग्न होऊन अमरावतीला गेलेली हजर. फार बरं वाटत होतं. एवढा भरलेला वर्ग मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

आणि नणंदबाईंचं नाव आलं. हात थांबला, हे कबूल करते. पण थोडाच. मनात म्हटलं, बाई, आयुष्यभर बाहेर उभ्या राहिलात, मी बोलावलं तर टोमणा मारलात. आता नवऱ्याची खोली चाललीय, या आता तरी. आणि टाकलं तिचं नाव. आत गेले, बाहेर आले, "हजर बाई" म्हणाले, आणि पुढच्या नावाकडे वळले. खोली बंद करून घरी आले आणि छान झोपले.

रविवारी सकाळी वंदनेच्या आधी मी मुद्दाम खोलीत गेले. भाऊजींनी चहा ओतला, 'लास्ट' टाकलं, एंटर दाबलं. ओळी उतरायला लागल्या आणि उतरतच राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आता दुसरा कप मागतील म्हणून किटली हातात धरली होती. भाऊजी वाचत होते. सगळी माणसं एकाच यंत्रावर, एकामागे एक, आणि कोणीही क्षणभराहून जास्त बसलेलं नाही. एवढ्या वेळात माणूस खुर्ची ओढतो, बसत नाही. हे मला तेव्हा दिसलं. बाकांवर पोरं बसवताना एकाच पोराला सगळ्या बाकांवर बसवलं तर साहेबांना कळतं, एवढी साधी गोष्ट मी विसरले होते. भाऊजी एका ओळीवर थांबले. मग त्यांनी तो दुसरा हुकूम दिला आणि यादी खाली नेली. नणंदेच्या नावापुढे 'नेव्हर' नव्हतं. कालची तारीख होती.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. तारीख तशीच होती. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वैनी, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."

मी म्हटलं, "भाऊजी, पुसता येतं का ते?"

"येते. एक हुकूम दिला की पुन्हा नेव्हर होते."

"मग द्या ना."

"आज हिचं पुसलं तं उद्या कोनाचंबी पुसता येते, वैनी. मंग बाकीच्या नावाले काय अर्थ राह्यला?"

मी किटली खाली ठेवली. मला वाटत होतं ते रागावतील, आणि रागावले असते तर मी लगेच उलट चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. तेवढी तयारी माझी कायम असते. पण ते यादीच्या त्या ओळीकडे पाहत बसले, आणि विहारातून वंदनेची घंटा ऐकू आली तेव्हा उठले.

बैठक खोलीतच झाली. समितीची सगळी माणसं त्या एका पडद्याभोवती दाटीनं उभी होती, अध्यक्षांना खुर्ची. मी दाराजवळ. भाऊजींनी 'लास्ट' टाकलं. अध्यक्ष मोठ्यानं वाचायला लागले. "अरे वा. हे तं लय लोक आहेत. हा रीबूट कोनाचा आहे? लय नेमाचं पोरगं दिसते." कोणीतरी म्हणालं, सत्कार करू त्याचा. मी हसले नाही; मला तो हक्क नव्हता. मग वाचता वाचता अध्यक्षांचा आवाज मधेच बंद पडला. त्यांनी वाकून पाहिलं, मागे सरकले, पुन्हा वाकले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी याच माणसानं आलेल्यांचे आभार मानले होते.

"सर," अध्यक्ष हळूच म्हणाले, "हे वैनीसाहेबांचं नाव..."

"कालचे सगळे सोडून द्या," भाऊजी म्हणाले. "काल हे लोक आले नव्हते. एकच बाई आली होती. तिच्या मनात खोटं नव्हतं, पन नोंद खोटी आहे. कालच्या आधीचं पाहा, तेवढंच खरं आहे. तेवढ्यावर द्याची असली तं खोली द्या, नाहीतं गंज आना."

ती एकच बाई कोण हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण अख्ख्या खोलीत पंख्याकडे पाहणारी मीच एकटी होते. कालचं सोडल्यावर उरली ती थोडी नावं होती. पण तीच ती, रोज, आणि बसलेली. वीज जाईपर्यंत बसलेली. समितीतली एक बाई, अंगणवाडीवर असायची ती, म्हणाली, "खुर्च्या वर्षातून किती डाव लागतात? हे पोट्टे तं रोज येऊन राह्यले." अध्यक्षांनी ती थोडी नावं पुन्हा वाचली. त्यांच्या डोळ्यांपुढे घरचा अबोला असणार. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "जो मानूस आपल्या घरवालीचं नाव बी गिनत नाही, त्याच्या बाकीच्या नावावर आपून काय शंका घ्याची? राहू द्या खोली. गंज तेवढे एका भिंतीले लावू."

तशी ती खोली आजही आहे. अर्ध्या भागात पोरं तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतात आणि अर्ध्या भागात उपडे घातलेले गंज आहेत. कोणी जोरानं बोललं की ते घुमतात, त्यामुळे शांतताही आपोआप राहते. अध्यक्षांच्या घरी बोलणं सुरू झालं, ते आता थांबत नाही असं ते सांगतात. मला भाऊजींनी स्वतःपुढे बसवून पासवर्ड बदलायला लावला. वळले मात्र भिंतीकडेच.

बैठक संपल्यावर आम्ही दोघं घराकडे निघालो होतो. ऊन चढलं होतं, भाऊजी हातातली छत्री न उघडता चालत होते. मीच म्हटलं, भाऊजी, माझ्या हातून नको ते झालं. एवढी वर्षं बाईंच्या नावापुढे जे होतं ते मी मोडून टाकलं, आणि आता ते परत येत नाही. ते चालत राहिले. कोपऱ्यावर एक टेम्पो आडवा आला म्हणून थांबावं लागलं, तेव्हा टेम्पोकडे पाहत म्हणाले,

"तेचं काही नाही, वैनी. पन तुमी तिले लगेच उठवलं. येवढ्या वर्सानं आली होती, थोडं बसू द्याचं."